तिरकी पाटी

माझा नवरा विल्फ हेपल याला भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली की त्याला अन्न गोड लागत नसे. लग्नानंतर आम्ही चार दिवस स्कारबरोला समुद्रावर राहायला गेलो, तेव्हा उतरलो त्या लॉजच्या जिन्यातल्या झाडून सगळ्या तसबिरी त्यानं सरळ केल्या. मालकीणबाईंना वाटलं, हा माणूस चोरीसाठी टेहळणी करतोय. दातांच्या डॉक्टरकडे, चर्चमध्ये, माझ्या वडिलांना पुरून आलो त्या दिवशी आईच्या बैठकीच्या खोलीत, कुठंही हेच. डोकं एका अंगाला कलतं करायचं, एक डोळा बारीक करायचा आणि बोटाच्या टोकानं चौकट इतकीशी उचलायची. मी म्हणायचे, "विल्फ, सगळं जग वाकडं आहे, तू किती ठिकाणी पुरा पडणार?" तो म्हणायचा, "जिथं हात पोचतो तिथं." जित्याची खोड, दुसरं काय.

अशा माणसाला नोकरीही तशीच मिळाली होती. टाईन नदीच्या मुखाशी, मासळीबाजाराच्या वरच्या चढावर, ईस्ट कोस्ट टेलिव्हिजनचं स्टेशन होतं. आमच्या भागापुरतंच. बातम्या, हवामान, बोटींनी आणलेल्या मासळीचे भाव, कुणाच्या मळ्यातल्या लीकच्या, म्हणजे कांद्याच्या जातीतल्या त्या भाजीच्या, कांड्या सगळ्यांत जाड निघाल्या ते, आणि रात्री लंडनहून आलेल्या मालिका. विल्फचं काम चित्र बघायचं. कॅमेऱ्यातून आलेलं चित्र लोकांच्या घरी जाण्याआधी सरळ आहे का, रंग नीट आहेत का, हे तो काचेआडच्या खोलीत बसून बघायचा. कार्यक्रमांची नावं तेव्हा पुठ्ठ्याच्या पाट्यांवर रंगवलेली असत. पाटी लाकडी घोडीवर टाचायची, समोर कॅमेरा लावायचा, झालं.

पण पाटीला हात लावायचा हक्क विल्फला नव्हता. पाटी हलवणारे वेगळे आणि त्यांची युनियन वेगळी. विल्फनं म्हणायचं, "डावा कोपरा केसभर वर," आणि त्या माणसानं तो उचलायचा. दिवा लावणारा तिसराच, त्याची युनियनही तिसरी. बाहेरच्या माणसाला याचं हसू येईल. आमच्याकडे खाणी होत्या, गोद्या होत्या, आणि घराघरात एखादा आजा असा होता की त्याचं काम दुसऱ्यानं अर्ध्या पैशात केलं म्हणून तो रस्त्यावर आला होता. त्यामुळे आम्ही हसत नसू. विल्फ तर मुळीच नाही. तो खाणकामगाराचा मुलगा. इतक्या वर्षांत त्यानं एकाही पाटीला बोट लावलं नव्हतं.

त्याच्या शेजारच्या खुर्चीवर आल्बी डॉड्स बसे. कोणतं चित्र कधी सोडायचं ते आल्बी ठरवायचा. युनियनच्या शाखेचा अध्यक्षही तोच. दोघं एकाच गल्लीत वाढलेले, एकाच शाळेत मार खाल्लेले. मळ्याचे तुकडेही शेजारी शेजारी, मधे कुंपण नाही. लीकची रोपं एकमेकांना द्यायचे आणि खत कोणतं घातलं ते मात्र एकमेकांपासून लपवायचे. आल्बीची बायको डोरीन आणि मी दर गुरुवारी हाऊझी खेळायला जायचो. दोघं एकत्र बसले की बोलणं संपायचं नाही. काय बोलतात म्हणून मी एकदा कान देऊन ऐकलं, तर बटाट्यावरची कीड. अर्धा तास नुसती बटाट्यावरची कीड.

एकोणऐंशी सालचा उन्हाळा सरताना संप झाला. पगारवाढीचा. आमच्या एका स्टेशनचा नाही, देशभरातली सगळी जाहिरातींवर चालणारी स्टेशनं बंद पडली. सरकारी वाहिनी तेवढी चालू राहिली. आमच्या स्टेशनात मिस्टर पारजेटर हे मोठे साहेब आणि आणखी दोन साहेब उरले. त्यांनी घोडीवर एक पाटी टाचली, कॅमेरा चालू केला आणि मागे हलकं संगीत लावून दिलं. पाटीवर लिहिलं होतं, "कार्यक्रम बंद असल्याबद्दल दिलगीर आहोत. लवकरच पुन्हा भेटू." सकाळपासून रात्रीपर्यंत तेवढंच. तुम्हाला खोटं वाटेल, पण लोक तेही बघत. मी इस्त्री करताना लावून ठेवायची. घरात काहीतरी चालू असल्यासारखं वाटे.

तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात पाटीची एक टाचणी निसटली आणि डावी बाजू खाली आली. साहेबांनी ती परत टाचली, ती पुन्हा निसटली. मग त्यांनी नाद सोडला. शहाण्या माणसानं सोडलाच असता. पण अख्ख्या किनाऱ्यावर घराघरात आता एक तिरकी दिलगिरी टांगलेली. खाटीक मला म्हणाला, "काय मिसेस हेपल, तुमची पाटी प्यायलीय वाटतं." वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. शाळेतली मुलं डोकी वाकडी करून चालायला लागली.

आल्बीला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. संप लांबला होता, घरात रागरंग बिघडले होते, पाव आणि वाटाण्याच्या भरड्यावर दिवस निघत होते, अशा वेळी माणसांना हसायला काहीतरी मिळालं. फाटकावर पिंपाच्या शेगडीशी उभं राहून तो सांगायचा, "बघा रे, या साहेब लोकांना एक पुठ्ठा सरळ टांगता येत नाही, आणि म्हणे आपल्यावाचून स्टेशन चालवतील. ही पाटी जोवर तिरकी आहे ना गड्यांनो, तोवर आपण जिंकतोय." आणि ते खरंच होतं. फाटकासमोर रस्त्यापलीकडे भाड्यानं टीव्ही देणारं दुकान होतं. त्याच्या काचेत लहानमोठे टीव्ही रचून ठेवलेले, आणि प्रत्येकात ती पाटी. बसमधून जाणारे लोक ते बघून आमच्या माणसांना अंगठा दाखवायचे.

एकटा विल्फ हसत नव्हता. तो फाटकावर संपाच्या पहाऱ्यावर रोज त्या काचेकडे पाठ करून उभा राहायचा. घरी त्यानं आमच्या टीव्हीच्या एका बाजूला जुनी मासिकं घातली, म्हणजे पाटी सरळ दिसेल. मग सरकारी वाहिनीवरच्या बातम्या सांगणारा बाबा कलंडायला लागला. मी म्हटलं, "विल्फ, काढ ती मासिकं. संपाच्या बाजूनं आहेस की पाटीच्या?" तो म्हणाला, "संपाच्याच. पण डोळे मिटले तरी दिसते गं ती." मी हसले. तेव्हा हसायला नको होतं, पण पुढचं कुणाला ठाऊक असतं.

आता ज्यामुळे सगळं झालं ते सांगते, आणि ते आहे मुतारी. आमच्या लोकांचं असं आहे की भांडण असलं तरी सभ्यता सुटत नाही. पहाऱ्यावरच्या माणसांना आतल्या बोळातली मुतारी वापरू द्यायची, एका वेळी एकानं जायचं, इकडंतिकडं बघायचं नाही, असं मिस्टर पारजेटर आणि आल्बी यांच्यात ठरलेलं होतं. त्यासाठी हस्तांदोलन वगैरे झालं होतं.

त्या दिवशी मी विल्फचं जेवण घेऊन फाटकावर गेले. पाऊस भुरभुरत होता. "कुठाय हा?" मी विचारलं. आल्बी म्हणाला, "आत गेलाय, येईल. बस पोरी, चहा घे." माणसं शेगडीभोवती उभी राहून काचेकडे बघत होती, कुणीतरी काहीतरी थट्टा करत होतं. आणि एकदम सगळे पुढं सरकले.

काचेतल्या प्रत्येक टीव्हीत एक हात आला होता. हातानं पाटीचा डावा कोपरा धरला, अलगद वर उचलला, जरासा जास्त गेला म्हणून पुन्हा खाली आणला, टाचणी दाबली. मग पाटीला एकदा थोपटलं, जसं लहान मुलाला थोपटतात, आणि हात निघून गेला. पाटी सरळ. इतकी सरळ की तीच पाटी आहे हे खरं वाटेना.

हात कुणाचा हे विचारायची गरज नव्हती. त्या हाताला निळ्या स्वेटरची बाही होती, आणि तिचं मनगट मोहरीच्या रंगाचं. निळी लोकर संपली म्हणून मी तसं विणलं होतं. फाटकावरच्या प्रत्येकानं त्या मनगटावरून विल्फची टर उडवलेली होती.

विल्फ बाहेर आला. त्याला काही कल्पना नव्हती. मला बघून हसला. आल्बी म्हणाला, "विल्फ, आत काय केलंस?"

"मुतलो," विल्फ म्हणाला.

"आणि?"

विल्फनं माझ्याकडे बघितलं, मग काचेकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. "पाटीच्या खोलीचं दार उघडं होतं," तो म्हणाला. "सरळ केली."

कुणीतरी म्हणालं, "संपफोड्या." हळूच म्हणालं, पण आमच्या गावात तो शब्द मोठ्यानं म्हणावा लागत नाही. आल्बीनं त्या माणसाला हातानं गप्प केलं. तो रागावला नव्हता. त्याचा चेहरा थकलेला दिसत होता, तेवढंच. "ती आपली पाटी होती रे विल्फ," तो म्हणाला. त्यानंतर आठ वर्षं तो माझ्या नवऱ्याशी कामाशिवाय एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्टर पारजेटर वर्तमानपत्राला म्हणाले, संपावरच्या लोकांतही एखाददुसरा समंजस माणूस आहे हे बघून आनंद झाला. त्या वाक्यानं विल्फला पुरतं गाडलं. पाटी हलवणाऱ्यांची युनियन वेगळीच चिडली, कारण त्यानं नुसता संपच मोडला नव्हता, त्यांचं कामही केलं होतं. आणि मुतारी बंद झाली. मालकानं नाही, आल्बीनंच बंद केली. त्यानंतर माणसांना पावसातून बसस्थानकापर्यंत जावं लागे. मला विचाराल तर बऱ्याच जणांनी विल्फला संपापेक्षा त्या मुतारीसाठी माफ केलं नाही.

संप आम्ही जिंकलो. चांगली घसघशीत वाढ मिळाली, विल्फलाही मिळाली. माणसं कामावर परतली त्याच आठवड्यात फाटकाजवळच्या 'द शिप' दारूगुत्त्याच्या वरच्या खोलीत शाखेची सभा झाली. ठराव झाला की विल्फ हेपल शाखेच्या सभेत, कोरम पुरा असताना, माफी मागत नाही तोवर कोणीही सभासद कामापुरतं सोडून त्याच्याशी बोलणार नाही. याला आमच्याकडे माणसाला कॉव्हेंट्रीला पाठवणं म्हणतात. मी त्या शहराचं तोंड पाहिलेलं नाही, पण माझा नवरा तिकीट न काढता तिथं आठ वर्षं राहून आला.

"आल्बीनं हात वर केला?" मी विचारलं.

"अध्यक्षाला मत नसतं."

"आणि असतं तर?"

"केला असता. करायलाच हवा होता." विल्फ बूट काढत होता. "संप म्हणजे संप, ऑलिव्ह. त्याचं बरोबर आहे."

"मग माग ना माफी. जीभ झिजते का?"

"कशाची मागू? सरळ केली म्हणून? ते जमायचं नाही."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला प्रकार. त्याचं म्हणणं, आल्बीचं बरोबर आणि माझंही बरोबर. मी म्हणायचे, दोघांचं बरोबर असेल तर मग मलाच वेडी म्हणा, कारण गुरुवारी हाऊझीला डोरीन माझ्या टेबलाशी बसत नाही आणि खाटीक मला मांस देताना आभाळाकडे बघतो.

स्टेशनात काम असं होतं की बोलल्याशिवाय चालत नसे. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन असत आणि आल्बीला त्यातून हुकूम द्यावे लागत. "विल्फ, दोन नंबरचा कॅमेरा लाल मारतोय." "विल्फ, पाटी तयार?" विल्फ उत्तर द्यायचा, "तयार." शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस, कोपराला कोपर लागेल इतका जवळ, आणि बोलणं तारेतून. हेडफोन काढले की आल्बी भिंतीकडे तोंड करून सिगारेट ओढायचा. मळ्यावरही तसंच. दोघं पाठीला पाठ लावून खणायचे, आणि लीकची रोपं विल्फनं आता बाजारातून आणली.

विल्फ घरी आला की मी विचारायची, आज काय बोलला? सुरुवातीला टोमणा म्हणून विचारायची. तो आपला गंभीरपणे सांगायचा. "आज म्हणाला, 'हळू, विल्फ, हळू.'" किंवा, "आज शेवटी 'छान' म्हणाला. सगळ्यांना म्हणाला, मला एकट्याला नाही." मी म्हणायचे, "वा, प्रेमपत्रच की." पण पुढंपुढं मला टोमणा मारवेना. जेवताना तो माणूस एखादा शब्द असा घोळवून सांगायचा की मला भरून यायचं आणि त्याच वेळी आल्बीचा गळा दाबावासा वाटायचा.

मग डोरीन गेली. छातीत गाठ होती, कुणालाच सांगितलं नव्हतं. विल्फ आणि मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो. बाहेर पडताना आल्बी दाराशी उभा राहून एकेकाचा हात हातात घेत होता, "आलात, बरं वाटलं," म्हणत होता. माझा हात घेतला, म्हणाला, "ऑलिव्ह, ती तुझी आठवण काढायची गं." मग विल्फचा हात घेतला. सोडला नाही. ओठ हलले त्याचे. मागं शाखेची माणसं उभी होती. आणि त्यानं विल्फचा हात सोडून पुढच्याचा घेतला.

घरी आल्यावर विल्फनं टोपी काढली. कोट खुंटीला अडकवला आणि म्हणाला, "मागतो माफी. आता सरळ-वाकड्याचं मला काही वाटत नाही."

मला वाटलं, सुटलो. कसलं काय. माफी मागायला सभा लागते आणि सभेला कोरम लागतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, गुत्ता उघडायच्या आधी, वरच्या खोलीत सभा असायची. संप हरला असता तर तिथं उभं राहायला जागा मिळाली नसती. पण जिंकलेल्या युनियनच्या सभेला कुत्रंही फिरकत नाही. माणसांनी वाढलेल्या पगारातून गाड्या घेतल्या होत्या, चाकांवरची घरं घेतली होती, रविवारी बायकामुलांना घेऊन समुद्रावर जात होती. विल्फ इस्त्रीचा शर्ट घालून, पोटात माफी घेऊन जायचा, आणि खोलीत तो आणि आल्बी. कधी एखादा तिसरा डोकावायचा आणि "अरे, कुणी नाही का," म्हणून परत जायचा.

नियमाप्रमाणे अर्धा तास थांबायचं. दोघं रिकाम्या खुर्च्यांत समोरासमोर बसायचे. मग आल्बी घड्याळ बघायचा आणि खुर्च्यांना उद्देशून म्हणायचा, "कोरम नाही. सभा तहकूब." विल्फ जेवायला घरी. मी भट्टीतून मांस बाहेर काढत असायची, आणि तोंड बघूनच कळायचं. पहिल्या वर्षी मी चिडायची. मग चिडायचाही कंटाळा आला. रविवार आला की मलाच थकल्यासारखं व्हायचं.

एका रविवारी मी विल्फच्या मागोमाग गेले. जिन्याच्या दारातून बघितलं तर दोघं बसलेले, मधे मेज. आल्बीनं पेपरमिंटच्या गोळ्यांची डबी काढली, एक तोंडात टाकली आणि डबी मेजावरून विल्फकडे सरकवली. विल्फनं एक घेतली, डबी परत सरकवली. कुणी मान वर केली नाही. मी पाय न वाजवता खाली उतरले आणि दाराच्या आडोशाला थांबले. विल्फ घरी गेल्यावर आल्बी खाली आला तसा त्याला गाठला.

"माझ्याशी बोलतोस ना?" मी म्हटलं.

"तुझ्याशी का नाही? तू सभासद नाहीस."

"चार वर्षं झाली हा माणूस माफी मागायला येतोय. ऐकून घे आणि संपव की एकदाचं."

"ठराव शाखेचा आहे, ऑलिव्ह. माझा नाही." त्यानं टोपी हातात धरली होती, फिरवत होता. "आज मी मित्रासाठी ठराव मोडला, आणि उद्या साहेबानं करार मोडला, तर मी कोणत्या तोंडानं विचारू त्याला?"

"मग माणसं आण सभेला."

"दोरी बांधून आणू? दारोदार जाऊन सांगितलं. 'येतो येतो' म्हणतात."

"कुणी येणार नाही हे तुला माहीत असतं. मग कशाला येऊन बसतोस अर्धा तास?"

आल्बीनं रस्त्याकडे बघितलं. पलीकडे टीव्हीचं दुकान होतं, तिथं आता पडदे विकत. "नियम आहे अर्ध्या तासाचा," तो म्हणाला. मग टोपी घालत म्हणाला, "तेवढा तरी मिळतो." मला त्या क्षणी त्याचा राग धरवेना, आणि राग धरता येत नाही म्हणून जास्तच थकवा आला. मी घरी गेले आणि विल्फला काही सांगितलं नाही.

कोरम भरला तो कंपनीच्या कृपेनं. कंपनीनं नवी यंत्रं आणली. पाट्या गेल्या, घोडी गेली, सगळं बटणावर. चित्र सरळ आहे का हे आता यंत्रच बघणार होतं. अर्धी माणसं कमी करायचं ठरलं तशी त्या रविवारी वरच्या खोलीत ही गर्दी. लोक जिन्यापर्यंत उभे. आणि आल्बीनं सभेच्या सुरुवातीला सांगितलं की मागचं एक काम राहिलंय, ते आधी घेऊ.

विल्फ उभा राहिला. म्हणाला, "संप चालू असताना मी पाटी सरळ केली, त्याबद्दल शाखेची माफी मागतो." खाली बसला.

मागून एका तरुण पोरीनं विचारलं, "कसली पाटी?"

निम्म्या खोलीला माहीतच नव्हतं. संपाच्या वेळची माणसं निवृत्त झाली होती, कुणी लंडनला गेली होती, कुणी देवाघरी. जे होते त्यांतल्या काहींना वाटत होतं की हा ठराव कधीच मागे घेतलाय. म्हणजे कितीतरी लोक इतकी वर्षं विल्फशी बोलत नव्हते ते ठरावामुळे नाही, सवयीमुळे. आल्बीला उभं राहून सगळं समजावून सांगावं लागलं. टाचणी निसटली, पाटी तिरकी झाली, मुतारीत जायची परवानगी होती, हात दिसला. तो जसजसा सांगत गेला तसतशी खोली हसायला लागली. वाईट हेतूनं नाही. माणसांच्या नोकऱ्या जाणार होत्या, त्यांना हसायला काहीतरी हवं होतं. माफी मंजूर. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग नोकऱ्यांचा विषय निघाला, आणि जाणाऱ्यांत विल्फचं काम पहिलं होतं.

हे सगळं मला विल्फनं सांगितलं. तो उशिरा आला. रस्सा गार झाला होता तो मी पुन्हा चुलीवर ठेवला. नोकरीचं मला आधीच कळलं होतं, त्याचं काही वाटलं नाही म्हणणार नाही, पण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता.

"हसले सगळे?" मी विचारलं.

"हसले."

"आल्बी?"

"आल्बी नाही हसला."

"मग? पुढं? खाली गेलात ना दोघं?"

"गेलो. गुत्ता उघडला होता." तो खुर्चीवर बसला, कोट अंगावरच. "त्यानं विचारलं, काय घेणार. मी म्हटलं, नेहमीचंच. नेहमीचं काय ते त्याला आठवेना."

"बरं, मग?"

"मग म्हणाला, ऑलिव्ह कशी आहे. म्हटलं, बरी आहे. म्हणाला, पाऊस लांबला यंदा. म्हटलं, हो."

मी ताट त्याच्यासमोर ठेवलं. मला इतका संताप आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. आठ वर्षं हा माणूस रात्री अंथरुणात माझ्याशी बोलायचा ते खरं तर आल्बीला सांगायचं असायचं. कुठल्या खतानं लीक फुगले, आमच्या पोरीला मुलगा झाला, डोरीन गेली तेव्हा मनात काय आलं, सगळं साठवून ठेवलेलं. "अरे, इतकं होतं तुझ्याकडे सांगायला," मी म्हटलं. "एक तरी सांगायचंस."

"सुरुवात कुठून करायची ते कळेना गं. त्यालाही कळत नव्हतं. तो ग्लासात बघत होता, मी ग्लासात बघत होतो. सगळे येऊन पाठीवर थापा मारून जात होते, आणि आम्ही बसलेलो. शेवटी त्यालाच कसंतरी झालं. उठला. म्हणाला, येतो विल्फ."

त्यानं ताट जरा बाजूला सारलं.

"वरच्या खोलीत बरं होतं, ऑलिव्ह," तो म्हणाला. "तिथं निदान बंदी होती."